विणकामाचं पुस्तक

नवऱ्याने तिला शहर दाखवलं, पण गाडीच्या काचेतून. नदी, पूल, घंटाघर सगळं झालं. उतरू म्हटलं की याला पार्किंग सापडत नसे. शेवटी औषधाचं निमित्त काढून ती उतरली आणि औषधाच्या दुकानाशेजारच्या, बायकांनी चालवलेल्या बायकांच्या पुस्तकांच्या दुकानात शिरली.

घर सोडून गेलेल्या एका बाईचं आत्मचरित्र तिने उचललं. पण नेणार कसं? नवरा पिशवीसुद्धा तपासायचा.

"कव्हर कुठलं घालू?" दुकानदारबाईंनी विचारलं. इथली ती पद्धतच होती. "बागकाम आहे, विणकाम आहे. विणकाम घ्या ताई, पुरुष ते उघडतसुद्धा नाहीत."

निळं कव्हर, त्यावर लोकरीचा पांढरा गुंडा. ती थबकली. सासूबाई रोज दुपारी हेच पुस्तक घेऊन बसत. त्यांच्या हातात सुई मात्र तिने कधी पाहिली नव्हती.

बाहेर हॉर्न वाजू लागला.

"हेच घाला," ती म्हणाली.

घरी नवऱ्याने पुस्तक उलटसुलट करून परत दिलं. "विणा आता, सासू-सून मिळून."

सासूबाईंनी चष्म्यावरून आधी कव्हराकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"शीक हो," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या लग्नाआधीपासून शिकतेय. अजून एक बाहीसुद्धा झाली नाही."