हे कुणाचं?

चिठ्ठीवर नाव नसतं, मग भ्यायचं कशाला, असं मिनेको स्वतःला बजावून आली होती. पण या हायकू मंडळाची रीत मोठी खाष्ट. निनावी चिठ्ठ्या टोपलीत टाकायच्या, त्या भलत्यानेच आपल्या अक्षरात उतरवायच्या, मग ज्याने त्याने आवडलेलं निवडून मोठ्याने वाचायचं. आणि वाचलं की लिहिणाऱ्याने तिथल्या तिथे आपलं नाव पुकारायचं. लपायला जागाच नाही.

तीस वर्षं तांदळाच्या डब्यामागे कवितेच्या वह्या दडवणारी ही बाई आज पहिल्यांदाच आली होती. तिची चिठ्ठी टोपलीत पडली आणि दार सरकवून थोरली नणंद तोमोए आत आली. तीही या मंडळात येते, हे मिनेकोला माहीतच नव्हतं. चिठ्ठीत होतं:

पहिलं हिव—
सासू गेली, आणि मला
गाढ झोप लागली

सासू म्हणजे तोमोएची सख्खी आई. उद्या नात्यागोत्यात डांगोरा पिटला जाईल, सून म्हातारीच्या मरणाची वाट बघत होती. कुणी निवडू नये रे देवा, असं ती घोकत राहिली.

तोमोएची पाळी आली. तिने नेमकं तेच वाचलं, शेवटच्या ओळीला अडखळत.

"हे कुणाचं?" हिराइ मास्तरांनी विचारलं.

"बेवारस दिसतंय, मास्तर," उनो पोस्टमन म्हणाला. "मी घेऊ का दत्तक?"

सगळे हसले. गप्प बसलं की सुटका होती, हे मिनेकोला कळत होतं. पण आपलं लेकरू दुसऱ्याच्या नावावर जावं तसं तिला झालं.

"मिनेको."

मास्तरांनी कानामागे हात धरला.

"मिनेको!" या खेपेला ती ओरडलीच.

तोमोएने मान वर केली. "तू?"

"हो, वन्सं."

"किती दिवस झोपली नव्हतीस गं?"

सांगू नये, सांगू नये, असं वाटतानाच तोंडातून निघून गेलं, "चार वर्षं. त्या अंथरुणाला खिळल्यापासून."

तोमोएने हातातला कागद मांडीवर सरळ केला.

"आणि मी नव्या वर्षाला आईच्या उशाशी संत्र्यांची पेटी ठेवायचे नि लगेच परतीची गाडी पकडायचे," ती म्हणाली. "मास्तर, माझी पहिली पसंती हीच. नाव नीट लिहा."