वाकडी पट्टी

मी बोलतेय, पण माझा आवाज बारीक आहे. जरा जवळ बसा.

मी एका जुन्या जर्मन गाडीची तेलपट्टी. बॉनेट उघडून जी ओढून काढतात, फडक्याने पुसतात, परत आत घालतात आणि परत काढून उजेडात धरतात, ती मी. गॅरेजवाले मला डिपस्टिक म्हणतात. हातभर लांब, पातळ पोलादाची, टोकाला दोन खुणा. खालची खूण म्हणजे तेल कमी, वरची म्हणजे पुरे. आयुष्यभर मी एवढंच सांगत आले. पण विचारणाऱ्यालाच सांगता येतं.

माझा जन्म दूरच्या थंड मुलखात, कारखान्यात झाला. मला कापलं, तापवलं, ठोकलं, आणि मग इंजिनाच्या पोटात सोडलं. बाहेर बसणाऱ्याला वाटतं, गाडी गुणगुणते आहे. आत मी जे पाहिलं ते गुणगुणणं नव्हतं. आत मिनिटाला हजारो स्फोट होतात. लोखंड लोखंडावर धावून जातं. दांडे आपटतात, दट्टे उसळतात. या सगळ्या मारामारीत मध्ये उभं राहतं ते तेल. केसाहून पातळ थर असतो त्याचा. तो आहे तोवर कुणी कुणाचा जीव घेत नाही.

माझे पहिले खरे धनी म्हणजे चिमणीचे बाबा. एका डॉक्टरांकडे ते तीस वर्षं ड्रायव्हर होते. डॉक्टर थकले तेव्हा त्यांनी गाडी बाबांनाच देऊन टाकली. गाडीसोबत जर्मन भाषेतलं एक पुस्तक होतं. बाबांना त्यातलं अक्षर कळत नसे. पण एका पानावर थर्मामीटरचं चित्र होतं आणि त्याच्या शेजारी आकड्यांच्या पट्ट्या. बाबांनी चित्रावर बोट फिरवलं, आपल्या गावचा उन्हाळा आठवला आणि बोट थांबवलं ते वीस-पन्नासवर. घट्ट तेल. त्यातही डब्यावर जुन्या इंजिनासाठी असं लिहिलेलं, जस्त जास्त असलेलं.

"जस्त असलं ना चिमणे, की लोखंड लोखंडाला चावत नाही," ते लेकीला सांगायचे. ती तेव्हा बॉनेटच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहायची.

"आणि बघायचं कधी?"

"गाडी सपाट जागी उभी करायची. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायचं. वर चढलेलं तेल खाली उतरलं की मग बघायचं."

"घाई झाली तर?"

"घाई झाली तर पट्टी खोटं बोलते. तिचा काय दोष?"

असा माणूस होता. मला पुसायला त्यांच्या खिशात वेगळं, धुतलेलं फडकं असे.

चिमणीचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत बाबा गेले. गाडी तिच्या नावावर ठेवून गेले. किल्ली मात्र नवऱ्याच्या खिशात गेली. तो फरश्या बसवण्याची कंत्राटं घेई. त्याला सगळे कंत्राटदारच म्हणत, त्याची आईसुद्धा. कामावर तो मोटरसायकलने जाई. गाडी मिरवायला होती.

एके दिवशी त्याने चकचकीत बाटल्या आणल्या. पातळ तेल, शून्य-वीस, कालपरवा निघालेल्या गाड्यांचं.

"एक नंबर माल आहे! शोरूमवाले घालतात."

"अहो, नव्या गाडीला चांगलंच आहे ते," चिमणी म्हणाली. "आपलं इंजिन जुनं आहे. त्याला हे टिकणार नाही. बाबा वीस-पन्नास..."

"तुझा बाप ड्रायव्हर होता का इंजिनिअर?"

"ड्रायव्हर. पण तीस वर्षांत इंजिन उघडायची वेळ आली नाही त्यांच्यावर."

खाडकन आवाज झाला. बॉनेट उघडंच होतं, त्यामुळे मला दिसलं. तिचं डोकं शेडच्या खांबावर आपटलं. तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाटली संपेपर्यंत ओतलं आणि बॉनेट आपटलं.

मग आत जे सुरू झालं ते सांगताना अजून माझ्या अंगावर गंज चढतो. ते तेल वाईट नव्हतं, चुकीच्या घरी आलं होतं. झडपा उघडणाऱ्या कॅमच्या उंचवट्यांखाली ते टिकेना. लोखंड लोखंडाला चावू लागलं. सकाळी गाडी सुरू झाली की वरून ठकठक, ठकठक. जुन्या रबरी सिलांच्या फटींतून तेल पाझरू लागलं. कंत्राटदाराने काय केलं? रेडिओ मोठा केला.

घरातही तसंच. भिंतीवर काहीतरी आपटायचं, मग शांतता, मग नळाचं पाणी. एकदा ती बसस्टँडवर पोचली होती. तिथला निम्मा स्टँड त्याच्या ओळखीचा. तासाभरात त्याने तिला वेणी धरून आणलं आणि शेडच्या दारात लाथांनी तुडवलं. मी इंजिनाच्या पोटात बसून ऐकत होते. आतही तेच, बाहेरही तेच.

एका सकाळी तो अंघोळीला गेला असताना तिने बॉनेट उघडलं. मला काढलं, पुसलं, परत घालून उजेडात धरलं. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. काळं, पाण्यासारखं. आणि त्यात चमचम. तिने ते बोटांवर चोळलं.

"लोखंड सुटलंय," ती पुटपुटली.

"हात लावू नको म्हटलं होतं ना!"

तो कधी मागे आला ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. तिचा उजवा हात बॉनेटखालच्या काठावर होता, हातात मी. त्याने दोन्ही हातांनी बॉनेट खाली आपटलं. जर्मन पत्रा, जड. आधी तिची दोन बोटं मोडली, मग मी वाकले. तो आवाज मी वेगळा काढू शकत नाही. तिचा हात सुटायला बॉनेट पुन्हा उघडावं लागणार होतं, आणि तो लगेच उघडत नव्हता.

उघडलं ते त्याच्या आईने. म्हातारी टॉवेल टाकून धावत आली होती. मला तिनेच उचलून परत जागेवर घातलं. मी पूर्वीसारखी सरळ जाईना. मधोमध बाक आलेला.

त्या दुपारी दोघी शेडमध्ये बसल्या. चिमणीच्या बोटांना लाकडाच्या चिपा बांधलेल्या.

"जा तू," सासू म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा हात असाच होता. मी थांबले. आणि बघ काय वाढवलं मी."

"आई, जायचं तर गाडीनेच. घाट ओलांडून मावशीकडे. पण या तेलावर घाट चढणार नाही. अर्ध्यात इंजिन जाम होईल. अर्ध्यात थांबले तर तो मला गाठेल, आणि या वेळी..."

पुढचं तिने बोलायची गरज नव्हती.

"तेल कुठलं ते सांग. मी आणते."

"वीस-पन्नास. जुन्या इंजिनाचं. पाच लिटर. आणि एक फिल्टर. बाटली तिरकी करून बघा, मधासारखं सरकलं पाहिजे."

दोन दिवसांनी म्हातारी भाजीच्या पिशवीत डबा घेऊन आली. वर पालेभाजी.

"त्या मेल्या दुकानदाराने आधी पातळच पुढे केलं. म्हणे, आजी, हे लेटेस्ट. मी म्हटलं, बाळा, मी लेटेस्ट दिसते का तुला? माझ्या वयाचं दे."

चिमणी हसली. ओठ फुटलेला होता, त्यामुळे हसताना तिने तोंडावर हात धरला. त्या घरात मी ऐकलेलं तेवढंच एक हसू.

दुसरी किल्ली सासूनेच शोधली होती, लेकाच्या कपाटातून. तो कामावर गेल्यावर दोघी लागल्या. पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, खाली परात सरकवली. तळाचा नट सुटेना. चिमणीच्या डाव्या हातात जोर नव्हता. म्हातारी पान्याच्या दांड्यावर चक्क पाय देऊन उभी राहिली. नट कुरकुरला आणि काळं तेल भळभळ वाहू लागलं, चमचम घेऊन. फिल्टर बदलला. मग नवं तेल आत आलं. जाड, सावकाश, प्रत्येक दुखऱ्या जागेवर हात फिरवत. कितीतरी महिन्यांनी मला श्वास घेता आला.

तिने इंजिन सुरू केलं. ठकठक झाली. थोडी झाली. मग थांबली.

गाडी फळ्यांवरून उतरवून तिने सपाट जागी आणली आणि इंजिन बंद केलं.

"अगं, बंद काय केलंस? जा आता!"

"पाच मिनिटं, आई. तेल खाली उतरू दे. आत कमी असलं तर घाटात कळून उपयोग नाही."

"तुझा बाप गेला आणि त्याची पाच मिनिटं तेवढी ठेवून गेला!"

तिसऱ्या मिनिटाला मोटरसायकलचा आवाज आला. मी ओळखला. त्या दोघींनीही ओळखला. तरी चिमणीने चौथं मिनिट जाऊ दिलं, पाचवंही जाऊ दिलं. मग मला बाहेर काढलं, पुसलं, घातलं, काढलं. बाकामुळे खरवडत गेले, पण पोचले. तेल बरोबर वरच्या खुणेवर. मी आयुष्यात इतक्या खरेपणाने काही सांगितलं नसेल.

तिने बघितलं आणि त्याच क्षणी त्याने मला तिच्या हातातून हिसकावलं.

पहिला फटका तिच्या गालावर बसला. मीच बसले. दुसरा मानेवर. पोलादाची पट्टी चाबकासारखी लवते, कातडी उघडते. तिच्या रक्ताची चव माझ्या खुणांच्या मध्ये लागली. ज्या जागी तिचे बाबा तेल बघायचे, त्याच जागी. मला थांबता येत नव्हतं. हातातल्या वस्तूला थांबता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

"कुठे निघालीस? बोल! कुठे निघालीस?"

तिसऱ्या फटक्यासाठी हात वर गेला आणि म्हातारीने परात उचलली. तीनेक लिटर काळं तेल तिने पोटच्या पोराच्या तोंडावर फेकलं.

तो ओरडला. डोळे चोळत पुढे आला. पाय त्याच तेलात पडला, त्यानेच आणलेल्या, एक नंबर. दोन्ही पाय एकदम वर गेले आणि डोकं फळीच्या कडेवर बसलं. ओलसर आवाज झाला. मी त्याच्या मुठीतून उडून गटाराच्या काठावर पडले.

"जा!" म्हातारी किंचाळली. "जा गं बाई!"

चिमणीने बाबांचं फडकं माझ्या रिकाम्या नळीत कोंबलं, बॉनेट लावलं आणि गाडीत बसली. तो गुडघ्यांवर उठत होता. त्याने हाताला लागलेला पाना फेकला. मागची काच फुटली. गाडी फाटकाला घासून बाहेर पडली.

मी काठावर पडून ऐकत राहिले. वळणापर्यंत आवाज येत होता. एकसारखा. ठकठक नव्हती.

कंत्राटदार मेला नाही. डोक्याला अकरा टाके पडले. चिमणी कुठे गेली ते त्याने आईला रोज विचारलं, आणि कसं विचारलं ते तिच्या दंडांवर लिहिलेलं आहे. म्हातारीने मला गटाराजवळून उचललं, पदराने पुसलं आणि उशाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या फोनवर निरोप आला. शेजारणीने खिडकीतून फोनच हातात दिला.

"आई, घाट चढले. एकदाही थांबले नाही." चिमणीचा आवाज बारीक येत होता. "मावशी सोबत येतेय. रविवारी तुम्हाला न्यायला येते. तोवर खोलीत राहा, कडी लावून."

"कडी त्याने उपटून काढली गं. नुसता कोयंडा राहिलाय."

"मग?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं.

"बघते मी. तुझी पट्टी आहे माझ्याकडे. येताना आणते."

तिने दाराच्या मुठीला एक जुनी साखळी बांधली, ती कोयंड्यावर चढवली आणि त्यात मला घातलं. आता मी इथे आहे. सरळ असते तर पहिल्या धक्क्याला घरंगळून खाली पडले असते. पण माझा बाक बरोबर कोयंड्यात अडकतो.

आज शनिवार. संध्याकाळी तो परत दारावर आलाय. लाथ बसते आहे. चौकटीतून चुना गळतोय. आतून म्हातारी पाठ लावून बसली आहे आणि मला म्हणते, "धर बाई, आजचा दिवस धर."

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर तिला विचारून तेल घाला आणि बघण्याआधी पाच मिनिटं थांबा. माझं एवढंच एक शिक्षण. दुसरी विनंती माझ्यापुरती आहे. उद्या ती येईल आणि मला माझ्या जागी घालायला बघेल. मी नीट जाणार नाही. तेव्हा कुणीतरी हातोडी आणेल.

मला सरळ करू नका.