खाच पडलेले पाते

मी एक जुने पाते आहे, मित्रांनो. अर्ध्या चंद्रासारखे, बिनमुठीचे. हवानातले सिगार वळणारे माझ्यासारख्या पात्यांनी तंबाखूची पाने कापतात. कापणे हाच माझा स्वभाव, म्हणून गोष्टही तुकड्यांतच सांगेन.

पहिला तुकडा. मला घडवले बासिलिओ नावाच्या सिगार वळणाऱ्यासाठी. कारखान्यात चौथऱ्यावर बसून एक जण दिवसभर मोठ्याने वाचायचा. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. आवडले की वळणारे आम्हाला फळीवर ठोकत. टक टक टक. नावडले, तर जमिनीवर टाकत.

मग स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याचे युद्ध पेटले. ऐकणारी माणसे विचारही करतात, हे स्पेनच्या अधिकाऱ्यांना समजले आणि त्यांनी वाचन बंद केले. उरली फक्त पानांची सळसळ.

स्पेनची सत्ता गेली. वाचक पुन्हा चौथऱ्यावर चढला, तेव्हा आनंदाच्या भरात बासिलिओने मला चक्क धारेनेच ठोकले. खाच पडली.

मोठा तुकडा कापून टाकते. राजवटी बदलल्या, क्रांती झाली, वाचन चालूच राहिले. मी मात्र पाने फाडू लागले. बासिलिओच्या पणतीने, दुल्सेने, मला खणात ठेवून दिले.

शेवटचा तुकडा. तीस वर्षे सिगार वळून दुल्सेची बोटे आखडली. त्याच सुमारास वाचकाची जागा रिकामी झाली. दुल्से त्या जागेसाठी उभी राहिली. आधी वाचून दाखवायचे, मग निवड वळणाऱ्यांच्या मतांनी व्हायची. निवडून आली तर चौथरा, नाही तर कायमचे घर. त्या सकाळी तिने मला खणातून काढून आपल्या रिकाम्या मेजावर ठेवले.

शेजारचा रुफिनो म्हणाला, "दुल्से, तू बोलतेस की कोंबड्यांना हाकलतेस? आम्हाला झोप कशी लागायची?"

"तुझं घोरणं थांबावं म्हणूनच उभी राहिलेय."

"माझं पातं आज जमिनीवर पडणार बघ."

चौथऱ्यावर चढून तिने वादळात सापडलेल्या बोटीची गोष्ट वाचायला घेतली. बायको किनाऱ्यावर कंदील धरून उभी. लांब पाण्यावर काहीतरी हलले...

वीज गेली. ध्वनिक्षेपक मुका झाला.

"मागे काही ऐकू येत नाही!" शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडले.

वाचक कधी चौथरा सोडत नाही. पण शेवटच्या रांगेत काय ऐकू येते, हे दुल्सेला तीस वर्षांपासून माहीत होते. ती पुस्तक घेऊन खाली उतरली आणि मेजांमधून चालत वाचू लागली. बोट धक्क्याला लागेपर्यंत वाचत राहिली.

तिने पुस्तक मिटले. रुफिनोचे पाते हवेत होते.

मग त्याने दुसरा हात लांबवून मला उचलले. दोन्ही हातांनी ठोकले. टक. टक. मागोमाग दोनशे पाती. मते मोजायला कुणी गेलेच नाही.

नंतर तो म्हणाला, "या पात्याची ही खाच घासून देतो."

"हात लावून तर बघ," दुल्से म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचा गंज जरूर काढा, त्यांना तेल द्या. पण त्यांच्या खाचा घासून टाकू नका. त्या कशा पडल्या, ते आधी विचारा.

मी आता पाने कापत नाही. दुल्सेने मला रुफिनोच्या मेजावर ठेवले आहे. रोज संध्याकाळी दुल्से पुस्तक मिटते, आणि पहिली टक माझी असते.