पंचफुलाचा कल

कवडूनं पंप चालूच ठेवला, पाणी आळ्यात सोडलं होतं ते तसंच वाहू दिलं, आणि चिखलाच्या पायांनी तो सरळ शाळेत आला. कवडूची पंचफुला नापास झाली, अशी बातमी गावात पसरली होती. परीक्षा तर अजून व्हायच्या होत्या. त्यामुळे नापास होण्याची ही तऱ्हा गावाला नवीन होती.

हेडमास्तर गणपतरावांनी खुर्ची दाखवली. कवडू पायांकडे पाहून उभाच राहिला.

"नापास नाही गा कवडू," गणपतराव म्हणाले. "तिचा कल निघाला."

"म्हन्जे काय जी?"

"मनाचा ओढा. कोणतं माणूस कशासाठी जन्माला आलं, हे आता शास्त्रानं समजते."

"मंग आमच्या पोट्टीचा कशाकडं निघाला?"

गणपतरावांनी आवाज खाली आणला. "शेतीकडे."

कवडू चिखलासकट खुर्चीवर बसला.

"आमच्या घरात कोनालेच नव्हता जी असा," तो म्हणाला. "माहा बाप शेतीतच मेला, मी बी तेच करून राहिलो. पन आमाले कल नाही. याच्यावर काही इलाज?"

झालं होतं ते असं. त्या काळी नववीत गेलं की विषय निवडावे लागत. पोरांनी भलताच विषय घेऊन आयुष्याचं वाटोळं करू नये म्हणून सरकारनं नागपुरात एक साहेब नेमले होते. त्यांचं नाव आनंदराव. ते एस.टी.नं गावोगाव फिरत, पोरांना चित्रं दाखवत, आणि पोर कोणत्या चित्रावर बोट ठेवतं ते पाहून त्याला कोणत्या विषयाकडे वळवावं आणि कोणत्यापासून वाचवावं ते कळवत. माणूस सालस होता. डबा घरून आणायचा.

इकडे गणपतरावांना शाळेत सायन्स आणायचं होतं. पोरांचा कल सायन्सकडे निघाला तर वर्ग मंजूर होईल, हे त्यांनी ताडलं. साहेब शेजारच्या गावी आधीच येऊन गेले होते. चित्रं कोणती असतात ते गणपतरावांनी तिथून काढून आणलं आणि आठवडाभर पोरांची तयारी करून घेतली. गळ्यात नळी घातलेला माणूस दिसला की बोट ठेवायचं. यंत्राजवळ पाना घेऊन उभा असलेलाही चालेल. बैल दिसला की पान उलटायचं. पोरांनी हे पाढ्यासारखं पाठ केलं. शाळा म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे बरोबर उत्तर, एवढं गावाला पक्कं ठाऊक होतं. ज्याला बरोबर उत्तरच नाही असा प्रश्न घेऊन कोणी साहेब तिकीट काढून नागपूरहून येईल, हे कोणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं.

पंचफुला नेमकी त्या आठवड्यात शाळेत नव्हती. संत्र्याचा बहार धरला होता, पंपाला विजेची लाइन दिवसाची होती, आणि तिची माय रंभाबाई कंबर धरून बाजेवर पडली होती. झाडांना पाणी द्यायला, ओलीत करायला, बापाच्या जोडीला तीच. साहेब आले त्या दिवशी मात्र ती शाळेत गेली, बैलांच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोनाचे आहेत जी?"

साहेबांना त्या दिवसात कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ते तिच्याशीच बोलत बसले. काटोलकडे शेतकी विषय शिकवणारी शाळा आहे, मुलींनाही घेतात, हे सांगून गेले. आणि वर कळवलं की सगळ्या वर्गाचा कल डॉक्टरी-इंजिनिअरीकडे आहे, एक मुलगी सोडून. तिला शेतकी शिकवावी.

पंचफुलानं ते मनावर घेतलं. त्यांच्या बागेत डिंक्या लागला होता. खोडातून डिंक गळायचा, पानं पिवळी पडायची, आणि बहारातलं झाड उभ्या उभ्या वाळून जायचं. कवडू खोडाला चुना लावी, गेरू लावी, नवस बोले. झाडं आपल्या क्रमानं मरत.

"बाबा, त्या शाळेत शिकवतात म्हने," ती संध्याकाळी बापाला म्हणाली, "डिंक्या काहून लागते ते."

"काहून लागते हे समजल्यावर झाड वाचते का वं?"

"समजल्याबिगर कसं सांगू?"

कवडू चिडला. मायकडे पाह्य, म्हणाला, उन्हात वाकून वाकून काय झालं तिचं. यातून बाहेर निघावं म्हणून तुला शाळेत घातलं, अन् तू शाळेच्या रस्त्यानं वापस यातच येऊन राहिली.

रंभाबाई बाजेवरूनच बोलली. "जाऊ द्या तिले. काम तं तिले करनंच आहे. समजून करन."

कवडूनं ते बाईमाणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

गणपतरावांचं मत मात्र विचारपूर्वक बनलेलं होतं. ज्या विषयाला पुढे काही भविष्य नाही, त्यापासून पोरांना दूर ठेवणं हे शाळेचं पहिलं काम. त्यांची स्वतःची शेती सालदार पाहत असे, त्यामुळे शेतीबद्दल त्यांना अतोनात आदर होता आणि दर पंधरा ऑगस्टला ते तो भाषणात बोलूनही दाखवत. त्यांनी पंचफुलाला ऑफिसात बोलावून समजावलं.

"शेतकी शिकून काय करशील तू? शेतीच करशील ना?"

पंचफुला खाली पाहत उभी राहिली. बरोबर उत्तर काय, ते तिला या वेळीही कोणी सांगितलेलं नव्हतं.

इलाज गणपतरावांनीच केला. त्यांनी तिची फेरपरीक्षा घेतली. साहेबांची चित्रं जवळ नव्हती, तेव्हा आरोग्य खात्याच्या कॅलेंडरावरची नर्स फळ्याला टांगली. पंचफुलानं सांगितल्या जागी बोट ठेवलं. कल गेला. कवडूनं मारुतीपुढे नारळ फोडून शाळेत गूळ-फुटाणे वाटले.

सायन्सचा वर्ग मंजूर झाला. पाटी रंगवून दारावर लागली. मास्तर तेवढा आला नाही. आज येईल, उद्या येईल, असं करता करता ड्रॉइंगच्या मास्तरांनी आकृत्या शिकवायला घेतल्या. आकृत्या फार सुरेख आल्या. पंचफुलानं काढलेलं माणसाचं काळीज दोन रंगांत होतं आणि बरेच दिवस भिंतीवर होतं. मॅट्रिकला सगळा वर्ग नापास झाला.

मग पंचफुलाचं लग्न पाहायला सुरुवात झाली. कल गेला तरी त्याची बातमी एस.टी.बरोबर केव्हाच पुढच्या गावी पोचली होती. तिथले नत्थूजी मुलगी पाहायला आले. त्यांनी ना स्वैपाकाचं विचारलं, ना विणकामाचं. हात पालथे करून दाखव म्हणाले, मग उताणे. पंप चालू करता येते का, म्हणाले. पोरगा कोराडीला आहे, वीजघराचं काम चाललं तिथं, ठेकेदाराकडे. कवडूनं कोराडी तेवढं ऐकलं. नोकरीवाला जावई आपल्या ओसरीत येईल, असं बापजन्मात त्याच्या मनात आलं नव्हतं.

"पोरगा तिकडं," नत्थूजी म्हणाले, "गडी बी सारे तिकडंच पळाले. बागेले कोनी राह्यलं नाही. तुमच्या पोरीचा कल शेतीकडं हाय, असं सरकारनं सांगतलं म्हन्ते?"

कवडू घाबरला. "तो जुना जी. मंग पुन्हा तपासलं तिले. नाही निघाला."

नत्थूजींनी चहाची बशी खाली ठेवली. "पुराच गेला?"

कवडूनं बशीकडे पाहिलं. आत चुलीजवळ बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"पुरा नाही," कवडू म्हणाला. "असन थोडा."

तुरीच्या सवंगणी-कापणीआधी लग्न उरकलं. दोन्हीकडचे खूष होते. कवडूला नोकरीवाला जावई मिळाला आणि नत्थूजींना शेतीचा कल असलेली सून.

काही वर्षांनी आनंदराव साहेब पुन्हा आले. मार्गदर्शनाचा पोरांना काय उपयोग झाला ते पाहायला वरून सांगितलं होतं. गणपतरावांनी आठवून आठवून सांगितलं. डॉक्टरीकडे कल असलेला एकजण संत्र्याच्या ट्रकवर पेट्या चढवतो. इंजिनिअरीवाले कोराडीला वीजघराची राख ओढतात. उरलेले पारावर बसतात, आणि सायन्सचा मास्तर आजच्या गाडीनं येईल की काय, अशा नजरेनं एस.टी.कडे बघतात. कवडूची बाग तोवर जळतणात गेली होती, आणि रंभाबाईही राहिली नव्हती.

साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांना बैलांवर बोट ठेवणारी मुलगी आठवली. ती शेतीतच आहे म्हटल्यावर त्यांना चहा गोड लागला. भेटू या म्हणाले. त्याच वर्गातला मीही पारावरच बसलो होतो; रस्ता मला ठाऊक होता म्हणून गणपतरावांनी मलाही घेतलं.

भर दुपार होती. जमीन तव्यासारखी तापलेली. पंचफुला आळ्यात पाणी वळवत होती. पोर झाडाला बांधलेल्या झोळीत होतं. नवरा महिन्यातून एकदा येतो, खोकतो आणि जातो, असं नत्थूजी बांधावरून सांगत होते. सुनेचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. दोन गड्यांचं काम एकटी ओढते, म्हणाले.

"आपल्या आवडीच्याच कामात आहात तुम्ही," साहेब तिला म्हणाले. "समाधान वाटत असेल."

पंचफुलानं पदरानं तोंड पुसलं. साहेबांना तिनं ओळखलं होतं. शेजारच्या झाडाच्या खोडावरून डिंकाची पिवळी धार उतरली होती. त्या खोडावर तिनं हात ठेवला.

"साहेब, एक विचारू का? डिंक्या काहून लागते जी?"

साहेबांनी झाडाकडे पाहिलं, मग गणपतरावांकडे. गणपतराव आकाशात ढग शोधू लागले.

"तो माझा विषय नाही," साहेब म्हणाले.

तिनं मान हलवली. लाइन जायची वेळ झाली होती. फावडं उचलून ती पुढच्या आळ्याकडे वळली.

एस.टी.ची वाट पाहत आम्ही फाट्यावर बसलो. मग साहेब रुमालानं चष्मा पुसत गणपतरावांना म्हणाले, "कल मात्र टिकून आहे हो तिचा."