शेजाऱ्याचं बीपी

रोज संध्याकाळी सहाला माझी बायको मुग्धा शेजारच्या म्हाताऱ्याचा हात हातात घेते आणि मी आमच्या खिडकीतून बघतो. माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू.

गेन्नादी अडुसष्ट वर्षांचा, विधुर. मुलीच्या मागोमाग रशियाहून इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आला. मुग्धा क्लिनिकमध्ये नर्स. तिच्याकडचे रशियन पेशंट म्हणे बरं वाटलं की बीपीची गोळी बंद करतात, खारवलेल्या माशांवर ताव मारतात आणि एक दिवस हार्ट अटॅक घेऊनच येतात. म्हणून गेन्नादीला रोज तपासायचं, वहीत आकडा लिहायचा, वर अळणी आमटीचा डबा. मागच्या महिन्यात ती माझा वाढदिवस विसरली. त्याची गोळी विसरली नाही.

मग मी नीचपणा केला. ती ड्यूटीवर असताना आईने पाठवलेली कैरीच्या लोणच्याची बरणी त्याला नेऊन दिली. म्हातारा चापून खाईल, आकडा चढेल, हा ऐकत नाही म्हणून मुग्धा त्याचा नाद सोडेल, असा माझा बेत. आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही त्याचीही रीत. त्याने मला खारवलेल्या काकड्यांची बरणी दिली. मी ती तीन दिवसांत फस्त केली.

रविवारी तो आमच्या दारात आला. हातात माझी बरणी, झाकणही न उघडलेली.

"हे मला चालत नाही, तूच सांगितलंयस," तो मुग्धाला म्हणाला. "पण तुझा नवरा चढ चढताना रोज लेटरबॉक्सपाशी थांबतो. छाती चोळतो. माझा भाऊ असाच थांबायचा."

मुग्धाने मशीन आणलं. मी सवयीने हात मागे घेतला.

"मला काय धाड भरलीये? आय ॲम स्वीट ॲज, एकदम ठणठणीत."

"सुशांत, हात दे. अठरा वर्षं मागतेय. त्याने पहिल्याच दिवशी बाही वर केली."

मी हात दिला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. गेन्नादीचा आदल्या दिवशी एकशे अठ्ठावीस होता.

"त्या रबरी जँडल्सच राहू देत पायात. हॉस्पिटलला जातोय," ती म्हणाली. पट्टा सोडला तरी तिने माझं मनगट सोडलं नाही. तिची बोटं थरथरत होती. गेन्नादीचा हात धरताना ती कधीच थरथरली नव्हती. मी रोज बघत होतो ना.