सिबिलाचा कागद

योस्ट हाइलमन मास्तरांच्या अक्षराचा लौकिक असा, की डोंगराखालच्या तिन्ही गावांत मूल जन्मलं की पहिला निरोप सुईणीला आणि दुसरा मास्तरांना जायचा. बाप्तिस्म्याचा कागद त्यांच्याच हातचा हवा! आताशा हे कागद रेडिंग शहरातून छापून यायचे. दोन्ही बाजूंना गोबऱ्या गालांचे देवदूत, मधोमध मोठं हृदय आणि त्यात नावगाव भरायला कोऱ्या जागा. मास्तर नाक मुरडायचे, पण घ्यायचे. वरच्या मोकळ्या पट्टीत मात्र ते स्वतःच्या हाताने चित्र काढायचे.

रूबेन किस्टलर आणि त्याची बायको लोविना यांच्या लेकीसाठी त्यांनी पाणकोळी काढायला घेतला होता. स्वतःची छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजणारा, ख्रिस्ताची खूण मानलेला पक्षी. मास्तरांनी तो जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे थोडा हंसावर गेला होता, पण झाला होता देखणा. पोरगी चार दिवसांची. चर्चचे पाळक महिन्यातून एकदा येत आणि त्यांना यायला अजून नऊ दिवस होते. तोवर कागद तयार असावा म्हणून मास्तर सकाळपासून बसले होते.

तेवढ्यात रूबेन धापा टाकत दारात आला.

"मास्तर, चला! पोर निळी पडलीय. पाळक पंधरा मैलांवर. अडल्यावेळी मास्तरानं पाणी शिंपडलं तरी चालतं ना?"

"चालतं तर. पण अरे, तान्ही पोरं व्हायचीच निळी-जांभळी. सुईणबाई उगाच राईचा पर्वत करतात."

"लोविना रडतेय हो."

"तू हो पुढं, आलोच मी. हा तांबडा आत्ताच कालवलाय, वाळला की वाया गेला."

रक्ताचे तीन थेंब तेवढे काढायचे होते. तिसरा जरा ओघळला. तो सावरताना पंखाला पिवळी कड हवीशी वाटली. रंग हाती आला की मास्तरांना वेळेचं भान राहत नसे. बायको होती तोवर ती हात धरून उठवायची. आता घरात उठवणारं कोणी नव्हतं.

कागद, दौत, लेखणी घेऊन ते चढ चढून गेले, तेव्हा किस्टलरांच्या घरातून रडण्याचा आवाज येत नव्हता. लोविना पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. रूबेनने मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आत्ताच गेली," सुईण म्हणाली. "पाणी कोमट करून ठेवलं होतं मी."

गावातल्या वडीलधाऱ्यांचा नियम सगळ्यांना पाठ होता. बाप्तिस्मा न झालेलं मूल चर्चच्या कुंपणाबाहेर पुरायचं, घंटा न वाजवता.

लोविनाने हात पुढे केला. "बघू कागद."

तिने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "आजची तारीख घाला."

"लोविना, मी आजवर कागदावर खोटं अक्षर लिहिलेलं नाही."

"मग आज लिहा. कुंपणापलीकडं कोल्हे उकरतात, मास्तर. माझी सिबिला आजीच्या शेजारी निजू दे."

"पाळकांनी विचारलं तर?"

"तुमच्या अक्षराला कोण विचारतंय!" मास्तर आल्यापासून रूबेन पहिल्यांदाच बोलला. सुईणीने तोंड चुलीकडे फिरवलं.

मास्तर टेबलाशी बसले आणि त्यांनी तारीख घातली. खाली आणखी एक जागा कोरी होती: बाप्तिस्मा कोणी दिला. त्यांची लेखणी तिथे अडली.

"तुमचंच नाव," लोविना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. "तुम्ही वेळेवर आलात, असं लिहा."

मास्तरांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं आणि त्याची लाज त्यांना मरेपर्यंत पुरली.