गौरवीची गाऱ्हाणेकरीण

डोळे मिटा बघू, बाळांनो. तुमच्यासमोर एक लांब मेज आहे अशी कल्पना करा. मेजावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक निळा फासा. भोवती पाच मुलं बसली आहेत. पण त्यांच्या मनात तिथे मेज नाही, काळोखी गुहा आहे, आणि गुहेत काहीतरी श्वास घेतंय. आता आणखी एक कल्पना करा. त्या पाचांपैकी एकाला तुम्ही तिथे नकोच आहात, आणि तो ते लपवतही नाही.

उघडा डोळे. तुम्ही आता गौरवीच्या खुर्चीवर बसला आहात.

गौरवी सातवीत होती. दर रविवारी दुपारी पेडण्यात देवेशच्या घरी हा खेळ चाले. अकरावीतला देवेश 'मास्टर', म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षसांच्या वतीने फासे टाकणारा. त्याचा शब्द शेवटचा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. ओंकार तलवारबाज झाला होता, पल्लवी चोर आणि दहावीतला सिद्धेश जादूगार. गौरवीच्या वाट्याला उरली वैद्यीण. सिद्धेशने तिचं नाव 'मलमपट्टी' ठेवलं आणि दोन महिने तिला जखमा बांधायला लावलं.

"मलमपट्टी, हंय ये गो! माझ्या करंगळेक खरचटला."

गौरवीला मंत्र घालायचे होते. पण एका मेजावर एकच जादूगार, असा देवेशचा नियम होता. मग तिने खेळाच्या पुस्तकात नसलेलं पात्र, म्हणजे नवा 'क्लास', स्वतःच घडवलं. तिचे जयराम काका देवळात नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालत. देवाकडे एकेक मागणं मागत, आणि मागे उभी असलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत. तसं मागणारी ही गाऱ्हाणेकरीण. तिने मागायचं, फासा टाकायचा आणि मागितलेलं घडायचं.

देवेशने तिची वही दोनदा वाचली.

"तुका तीन ट्रायल देतंय," तो म्हणाला. "तुझ्या पात्रान एकट्यान जिंकूचा नाय, आणि नुसता बसानपण रवूचा नाय. जमला तर गाऱ्हाणेकरीण तुझी. नाय जमला तर गणपतीच्या चवथीपर्यंत मलमपट्टी. मगे रडूचा नाय."

"रडतली कित्या?" सिद्धेश म्हणाला. "डोळे पुसूक पट्टी आसाच तिच्याकडे."

पहिली ट्रायल चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात संपली. "हे देवा म्हाराजा, हो राक्षस मरांदे!" गौरवी म्हणाली. फाशावर चौदा पडले आणि राक्षस मेला. ओंकारने तलवार उपसलीसुद्धा नव्हती.

सिद्धेशने टाळ्या वाजवल्या. "शाबास! आता आमी घराक जावया? हिका एकटीक खेळांदे. आपणच राक्षस, आपणच देव."

देवेशने त्या पानावर आडवी रेघ मारली. रेघ इतकी जोरात मारली की ती खालच्या पानावरही उमटली.

आठवडाभर गौरवी त्या पानाशी भांडली. सोमवारी ती देवळात गेली, तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. काकांनी एक मागणं म्हटलं, मागची माणसं बोलण्यात गुंतली होती, आणि काका थांबले. 'व्हय म्हाराजा' येईपर्यंत ते पुढचा शब्द बोलले नाहीत. घरी येऊन तिने नवा नियम लिहिला: मागणं गाऱ्हाणेकरणीने मागायचं, पण ते चालेल सोबत्यांच्या होकारावर. जितके जण 'व्हय म्हाराजा' म्हणतील तितक्या वेळा फासा. म्हणणाऱ्याने आपल्या जिवातले दोन गुण द्यायचे. कोणीच म्हटलं नाही, तर काहीच घडणार नाही.

नियम चांगला होता. फक्त तिने देवळातल्या माणसांचा विचार केला होता, मेजावरच्या नाही.

दुसऱ्या ट्रायलला तिने मागणं म्हटलं. ओंकारने होकार दिला, पल्लवीने दिला. सिद्धेशने पावाचा अख्खा उंडो तोंडात कोंबला.

"सिद्धेश, म्हण मरे!" ओंकार ओरडला.

सिद्धेशने गालाकडे बोट दाखवलं, सावकाश चावला, गिळला आणि मग म्हणाला, "देवळात तुझ्यासारखी चेडवां गाऱ्हाणा घालतत? विचार तुझ्या काकाक. हसतलो तो. आणि एखाद्या चेडवान घातल्यानच, तर असल्या चिरक्या आवाजात घालचा नाय."

गौरवीचे कान तापले. समोर राक्षस होता, पण ती सिद्धेशकडे वळली.

"हे देवा म्हाराजा! ह्या जादूगाराचा तोंड कायमचा बंद जांवदे!"

"व्हय म्हाराजा!" ओंकार आणि पल्लवी एकदमच गरजले. इतक्या जोरात त्या दिवसात ते कशालाच म्हणाले नव्हते.

फासा दोनदा पडला. अठरा आणि सोळा. जादूगाराचं तोंड शिवलं गेलं. तोंड नसलेल्याला मंत्र कसला म्हणता येणार? राक्षसाने त्याला दोन घासांत संपवलं. ओंकार मेजावर थापा मारून हसला, पल्लवीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि गौरवीही हसली. तिला फार बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

सिद्धेश हसला नाही. ट्रायलमधलं मरण मोजत नसत, त्याचा जादूगार जिवंतच होता. तरी त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बरो क्लास काढलंस," तो म्हणाला. "तिगांनी मेळान एकट्याक मारूचो. ह्येका देव कित्याक होयो? ह्या तर शाळेतपण करतत."

ओंकार खाली पडलेली पेन्सिल शोधायला लागला.

"खरां बोलता तो," देवेश गौरवीला म्हणाला. "पयली एकटी जिंकी. आता जेची माणसां जास्त तो जिंकता. तिसरी ट्रायल खऱ्या खेळात. मेलो तो मेलो. अर्धो तास देतंय."

गौरवी वही घेऊन बाहेर पायरीवर बसली. पल्लवी मागून आली.

"लिव गो, 'सोबत्यांचेर चलना'. झाला. इतको विचार कसलो?"

पण गौरवीला वाड्यावरच्या बाबली मामाचं गाऱ्हाणं आठवत होतं. कुंपणावरून शेजाऱ्याशी बिनसलं, तेव्हा त्याने काकांना सांगितलं होतं, शेजाऱ्याचं नाव घेऊन त्याचं वाईट माग. काकांनी नारळ खाली ठेवला. म्हणाले, "जेचा नाव घेवचा, तेका हंय घेवन ये. तो व्हय म्हणांदे, मगे मागतंय." बाबली मामा पाय आपटत निघून गेला होता. तिला तेव्हा काका हट्टी वाटले होते.

तिने लिहिलं: मागण्यात ज्याचं नाव येईल, त्याने स्वतः 'व्हय म्हाराजा' म्हटल्याशिवाय फासा उचलायचा नाही. मग त्याचं भलं मागायचं असो की वाईट. राक्षसाला हा नियम नाही, सोबत्यांना आहे.

सिद्धेशने वही हिसकावून वाचली.

"म्हणजे मी गप्प रवलंय, तर तुझो मंत्र फुकट?"

"तुझा नाव असला तर, व्हय."

"मगे मी गप्पच रवतलंय."

"रव."

देवेशचं आजोळ डिचोलीकडचं. तिथल्या बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यातलं हिरवं पाणी त्याने लहानपणापासून पाहिलेलं. तिसऱ्या ट्रायलला त्याने त्याच पाण्यातून एक राक्षसीण वर काढली. तिने पहिल्याच झटक्यात जादूगाराचे पाय धरले आणि त्याला पाण्यात ओढलं. सिद्धेशचे सहा गुण उरले. मंत्र म्हणायला तोंड पाण्याबाहेर हवं, ते बुडालेलं.

ओंकारची तलवार पोचेना. पल्लवीचा दोर तुटला. पाळी गौरवीची आली.

"हे देवा म्हाराजा," ती म्हणाली, "हो आमचो जादूगार पाण्याभायर येवंदे."

"व्हय म्हाराजा," ओंकार म्हणाला.

"व्हय म्हाराजा," पल्लवी म्हणाली.

सिद्धेशने हाताची घडी घातली. दोन वर्षं वाढवलेला जादूगार बुडत होता आणि तो खिडकीबाहेर पाहत होता. त्याचे ओठ घट्ट होते. एकदा जरा थरथरले, बस.

"म्हटल्यान!" ओंकार ताडकन उभा राहिला. "तोंड हल्ला तेचा! मी बगलंय! टाक गौरवी, फासो टाक!"

"मीपण बगलंय," पल्लवी म्हणाली. तिने काही पाहिलं नव्हतं.

देवेश गौरवीकडे बघत होता. "तुझो क्लास, तुझो नियम. म्हटल्यान काय नाय, तू सांग. जादूगार वाचलो तर तू पास. बुडलो तर ही ट्रायल गेली, आणि फुडल्या आयतारापासून मलमपट्टी."

निळा फासा तिच्या मुठीत होता. तो घामाने ओला झाला होता. सिद्धेशने मान वळवून प्रथमच तिच्याकडे पाहिलं. ती आता काय करेल हे आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची नजर होती.

"म्हणूक नाय तो," गौरवी म्हणाली.

तिने मूठ उघडली, फासा न टाकताच मेजावर ठेवला आणि राक्षसिणीची पाळी होती म्हणून देवेशकडे सरकवला.